विश्लेषण : व्हेंटिलेटरवरचा रुग्ण वाचेल का? आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत?

२०१६ मध्ये आलेला राजेश मापुसकर दिग्दर्शित ‘व्हेंटिलेटर’ हा मराठी चित्रपट अनेकांना आठवत असेल. गणपती तोंडावर आलेले, घरातले वडीलधारे व्हेंटिलेटरवर आणि रुग्णालयात जमलेले अख्खे गणगोत. करोनाच्या दोन वर्षांत हे दृश्य पडद्यावरून घराघरांत आले, फक्त बाकावर बसायचीही मुभा उरली नव्हती. अतिदक्षता विभागाच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाचा प्रश्न मात्र तेव्हाही एकच होता आणि आजही एकच आहे : ‘डॉक्टर, चान्सेस किती?’ उत्तरही ठरलेले. ‘फिफ्टी-फिफ्टी.’ किंवा ‘७२ तास काही सांगता येणार नाही.’ या उत्तरांमागे काही शास्त्र आहे का? गंभीर फुप्फुस-निकामीपणात रुग्ण वाचण्याचा अंदाज डॉक्टर कशावरून बांधतात आणि त्या अंदाजावर घरच्यांनी किती भिस्त ठेवावी?

फुप्फुस निकामी होते म्हणजे नेमके काय?

फुप्फुसात हवेचे कोट्यवधी बारीक फुगे असतात, त्यांना वायुकोश म्हणतात. त्यांच्या पातळ भिंतीतून ऑक्सिजन रक्तात उतरतो. तीव्र न्यूमोनिया, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग म्हणजे सेप्सिस, स्वादुपिंडाचा दाह, मोठा अपघात, फ्लू, करोना, मलेरिया, लेप्टो अशा कोणत्याही कारणाने या भिंतींना सूज येऊन त्या पाझरू लागल्या की वायुकोशांत पाणी भरते. फुप्फुस स्पंजासारखे न राहता भिजलेल्या कणकेसारखे जड होते. वैद्यकीय भाषेत यालाच ‘एआरडीएस’ म्हणतात. १९६७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अशा १२ रुग्णांचे पहिले सविस्तर वर्णन केले. त्यातील सात जण दगावले होते.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. व्हेंटिलेटर हा उपचार नाही. तो फक्त श्वासाचे काम अंगावर घेतो आणि मूळ आजार आटोक्यात येईपर्यंत वेळ मिळवून देतो. तो हृदयही चालवत नाही. ‘माणूस आधीच गेला होता, बिल वाढवायला मशीनवर ठेवला’ हा संशय आपल्याकडे घरोघरी ऐकू येतो, हिंदी चित्रपटांनी तो अधिकच घट्ट केला आहे. बंद पडलेले हृदय व्हेंटिलेटरने चालू राहत नाही आणि हृदयाचे ठोके थांबलेले मॉनिटरवर कोणालाही दिसतात. संशयाला दुसरे, खरे कारण आहे, ते म्हणजे न झालेला संवाद. त्याकडे पुढे येऊच.

आजार किती गंभीर, हे कसे ठरते?

२०१२ पासून वापरात असलेली ‘बर्लिन व्याख्या’ एका साध्या भागाकारावर उभी आहे. धमनीतल्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब भागिले रुग्णाला दिल्या जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचे प्रमाण. निरोगी माणूस साध्या हवेत, म्हणजे २१ टक्के ऑक्सिजनवर, सुमारे ९५ इतका दाब राखतो. भागाकार येतो ४५० च्या आसपास. आता ६० टक्के ऑक्सिजन देऊनही एखाद्याच्या रक्तातील दाब ६० च असेल, तर भागाकार १०० वर येतो. २०० ते ३०० म्हणजे सौम्य, १०० ते २०० मध्यम आणि १०० किंवा त्याहून कमी म्हणजे तीव्र.

ही व्याख्या ज्या चार हजारांहून अधिक रुग्णांच्या माहितीवर तपासली गेली, त्यांत मृत्यूचे प्रमाण सौम्य गटात २७ टक्के, मध्यम गटात ३२ आणि तीव्र गटात ४५ टक्के होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५० देशांतील ४५९ अतिदक्षता विभागांच्या ‘लंग सेफ’ पाहणीत रुग्णालयातील मृत्यूचे आकडे अनुक्रमे सुमारे ३५, ४० आणि ४६ टक्के निघाले. म्हणजे सर्वांत वाईट गटातही निम्म्याहून अधिक रुग्ण घरी गेले. ‘व्हेंटिलेटर लागला म्हणजे संपले’ असे ठामपणे सांगणाऱ्या शेजाऱ्यांसाठी हा आकडा लक्षात ठेवावा.

याच पाहणीतले आणखी एक निरीक्षण फारसे चर्चेत आले नाही. एआरडीएस असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ६० टक्के रुग्णांतच उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तो ओळखला होता. भविष्य वर्तवणे ही पुढची गोष्ट, आधी निदान हुकते.

ऑक्सिजन सुधारला की धोका टळला?

इथे बहुतेकांची, क्वचित डॉक्टरांचीही, फसगत होते. नातेवाईकांची नजर मॉनिटरवरच्या ऑक्सिजनच्या आकड्यावर खिळलेली असते. ८८ चे ९४ झाले की सुटकेचा नि:श्वास, ९० झाले की पोटात गोळा. पण ऑक्सिजन आणि जीव वाचणे यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

अमेरिकेत झालेली आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेली एक चाचणी याचा सर्वांत बोलका पुरावा आहे. ८६१ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाला प्रत्येक श्वासाला किलोमागे १२ मिलिलिटर हवा, ही तेव्हाची रूढ पद्धत. दुसऱ्याला फक्त सहा मिलिलिटर. पहिल्या काही दिवसांत जास्त हवा मिळणाऱ्यांच्या रक्तात ऑक्सिजन अधिक चांगला होता. बाकावरच्या नातेवाईकांना विचारले असते, तर सर्वांनी हाच गट निवडला असता. प्रत्यक्षात त्या गटात जवळपास ४० टक्के रुग्ण दगावले आणि कमी हवा मिळालेल्यांत ३१ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मध्येच थांबवावी लागली. जड झालेल्या फुप्फुसाचा जेमतेम काही भाग हवेसाठी मोकळा असतो. त्या छोट्या भागात दर मिनिटाला जोरात हवा कोंबली की तोही फाटतो, सुजतो आणि ती सूज रक्तावाटे साऱ्या शरीरात पसरते. आकडा सुधारत असतो आणि माणूस खचत असतो.

(यातले ‘किलोमागे’ हे वजनकाट्यावरचे किलो नव्हेत, उंचीवरून काढलेले आहेत. १६५ सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाला तो ६० किलोचा असो वा ९० चा, एका श्वासाला साधारण ३७० मिलिलिटर हवा पुरते. फुप्फुस पोटासारखे वाढत नाही!)

नायट्रिक ऑक्साइड वायू हुंगवण्याच्या उपचाराचेही तेच झाले. ऑक्सिजन दिवस-दोन दिवस सुधारतो, मृत्यू कमी होत नाहीत. उलट, तीव्र रुग्णांना रोज किमान १६ तास पालथे झोपवण्याच्या फ्रेंच चाचणीत २८ दिवसांतील मृत्यू सुमारे ३३ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले. महागडे यंत्र नाही, नवे औषध नाही. लागतात ती चार-पाच प्रशिक्षित माणसे, नळी सुटू न देता रुग्णाला पालथे करणारी.

मुळात एआरडीएसचे बहुतेक रुग्ण ऑक्सिजन न मिळाल्याने जात नाहीत. सेप्सिस आणि एकामागून एक बंद पडणारे अवयव हे मृत्यूचे मुख्य कारण असते. म्हणून अंदाज बांधताना अनुभवी डॉक्टर फुप्फुसापलीकडे पाहतात : लघवी होते आहे का, रक्तदाब औषधावर टिकून आहे की औषधाशिवाय, प्लेटलेट घसरत आहेत का, रुग्णाचे वय काय, आधीचा यकृताचा आजार, कर्करोग वा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आहेत का.

फुप्फुसातच पाहायचे तर ऑक्सिजनपेक्षा बोलके असे दोन आकडे आहेत. एक, फुकट जाणारा श्वास. निरोगी माणसाच्या प्रत्येक श्वासाचा साधारण एक तृतीयांश भाग रक्तापर्यंत न पोहोचता परत येतो. २००२ च्या एका अभ्यासात वाचलेल्या रुग्णांत हे प्रमाण सरासरी ५४ टक्के, तर दगावलेल्यांत ६३ टक्के होते. दुसरा, प्रत्येक श्वास आत ढकलायला लागणारा वाढीव दाब. ब्राझीलमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने ३,५६२ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१५ मध्ये दाखवले गेले की हा दाब जितका अधिक, तितका मृत्यूचा धोका अधिक, बाकीची मापे सुरक्षित मर्यादेत असली तरीही. दोन्ही आकडे खाटेशेजारी मिळवता येतात. दुसऱ्यासाठी तर व्हेंटिलेटरवरची एक कळ काही क्षण दाबून ठेवणे पुरते.

‘स्कोअर’ म्हणजे काय?

अतिदक्षता विभागात ‘अपाची’ आणि ‘सोफा’ ही नावे कानावर पडतात. १९८५ ची ‘अपाची-२’ पद्धत पहिल्या २४ तासांतील शरीराची १२ मापे, वय आणि जुने आजार यांना गुण देते, शून्य ते ७१. ‘सोफा’ सहा अवयव-यंत्रणांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देते, एकूण २४. गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट, म्हणजे आपल्या परीक्षेच्या उलट.

हे गुणांकन बनवणाऱ्यांनी ते एका रुग्णाचे भविष्य सांगण्यासाठी बनवले नव्हते. अमुक रुग्णालयात मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होतात का, औषधाच्या चाचणीतील दोन गट सारखेच आजारी होते का, हे तपासण्यासाठी ते उपयोगी आहे. स्कोअर ‘४५ टक्के धोका’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की असे १०० रुग्ण असतील तर त्यांतले साधारण ४५ जातील. चार नंबरच्या खाटेवरचे काका त्या ४५ मध्ये आहेत की ५५ मध्ये, हे स्कोअरला ठाऊक नाही. आणि काका ४५ टक्के मरत नाहीत. ते एक तर राहतात किंवा जातात.

८८ टक्क्यांची घाबरगुंडी

आकडा खरा असूनही दिशाभूल कशी करतो, याचे उदाहरण एप्रिल २०२० चे आहे. न्यूयॉर्क परिसरातील १२ रुग्णालयांतील ५,७०० करोना रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभर मथळे झळकले : व्हेंटिलेटरवरील ८८ टक्के रुग्णांचा मृत्यू. व्हॉट्सॲपवर तो आकडा आपल्याकडेही फिरला. अनेक घरांत ‘काहीही झाले तरी व्हेंटिलेटर लावू नका’ असे ठरले ते त्याच सुमारास.

प्रत्यक्षात काय होते? व्हेंटिलेटरवर १,१५१ रुग्ण होते. अभ्यास थांबला त्या दिवशी २८२ दगावले होते, ३८ बरे होऊन घरी गेले होते आणि उरलेले ८३१ जण अजून रुग्णालयातच होते. ८८ टक्के हा आकडा आला तो या ८३१ जणांना हिशेबातून वगळून, फक्त ३२० जणांवरून. व्हेंटिलेटरवर मृत्यू अनेकदा लवकर येतो आणि बरे व्हायला मात्र आठवडे लागतात. त्यामुळे महिन्याभरात हिशेब मांडला की मृत्यूच जास्त दिसणार. दोनच दिवसांत त्या नियतकालिकाला दुरुस्ती करावी लागली : तोपर्यंत सर्व व्हेंटिलेटर रुग्णांपैकी २४.५ टक्के दगावले होते. हाही अंतिम आकडा नव्हेच. पुढे जगभरातील ५७ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्यावर सरासरी ४५ टक्क्यांवर आली, म्हणजे जुन्या एआरडीएसच्या तीव्र गटाजवळ.

दुरुस्ती मात्र व्हॉट्सॲपवर फिरली नाही.

हे आकडे आपल्याकडे कितपत लागू?

‘अपाची-२’ अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या ५,८१५ रुग्णांवरून तयार झाली. तिच्या आजारांच्या यादीत लेप्टो किंवा स्क्रब टायफसला स्वतंत्र जागा नाही. कोकणातल्या शेतावरून लेप्टोने आलेला तिशीतला रुग्ण आणि कर्करोगावरच्या केमोथेरपीनंतर न्यूमोनिया झालेला रुग्ण यांचे फुप्फुस क्ष-किरणात सारखेच पांढरे दिसेल. पण पहिल्याचे कारण योग्य प्रतिजैविकाने दूर होऊ शकते. कागदावरचे गुण जवळपास सारखे असले तरी दोघांचे भविष्य सारखे नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. अंदाज स्वत:च स्वत:ला खरा करतो. ‘आशा नाही’ असे ठरले की उपचार आखडते घेतले जातात, रुग्ण जातो आणि नोंद होते की अंदाज बरोबर होता. पाश्चात्त्य देशांत हा निर्णय निदान कागदावर येतो. आपल्याकडे पैसे संपले किंवा आशा संपली की घरचे ‘डामा’वर, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध, सही करून रुग्णाला घरी नेतात. वाटेत किंवा अंगणात तो जातो. रुग्णालयाच्या दप्तरी तो मृत्यू नसतो, ‘डिस्चार्ज’ असतो. अशा नोंदींवरून भारतीय रुग्णांसाठी अचूक अंदाजपद्धती कशी तयार होणार? कृत्रिम बुद्धिमत्तेचा सध्या मोठा गाजावाजा आहे. पण अतिदक्षता विभागासाठीच्या अनेक प्रारूपांचे शिक्षण बोस्टनमधील एकाच रुग्णालयाच्या खुल्या माहितीसाठ्यावर झालेले आहे. सोलापूरच्या किंवा गडचिरोलीच्या रुग्णाविषयी ते काय सांगणार? जिल्हा रुग्णालयांपासून मोठ्या खासगी रुग्णालयांपर्यंत प्रत्येक व्हेंटिलेटर रुग्णाचे पुढे काय झाले, ‘डामा’वर गेलेल्यांचेही, याची नोंद राज्याने सक्तीची करायला हवी. महिन्याभराने एक फोन, इतकेच काम आहे.

एक सुधारणा मात्र दिलासा देणारी आहे. धमनीतल्या रक्ताची तपासणी अनेक ठिकाणी होतच नाही. रवांडातील किगाली येथील डॉक्टरांसोबत झालेल्या अभ्यासाने २०१६ मध्ये दाखवले की बोटावरचे पल्स ऑक्सिमीटर आणि सोनोग्राफीवरही एआरडीएस ओळखता येतो. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या जागतिक व्याख्येने ते मान्य केले. तालुक्याच्या गावी हे आजपासून करता येण्यासारखे आहे.

मग ‘७२ तास’ ही टोलवाटोलवी आहे का?

पूर्णपणे नाही. पहिल्या दिवसाच्या गुणांपेक्षा गुणांची दिशा अधिक सांगते. ब्रुसेल्समध्ये अतिदक्षता विभागातील ३५२ रुग्णांच्या (सगळे एआरडीएसचे नव्हेत) अभ्यासात पहिल्या ४८ तासांत ‘सोफा’ गुण वाढले तर किमान निम्मे रुग्ण दगावले. गुण उतरले तर २७ टक्क्यांहून कमी. त्यामुळे थांबा, पाहू, हे उत्तर शास्त्राला धरून आहे. चूक आहे ती थांबून नेमके काय पाहणार, हे न सांगण्यात.

याला एक चांगला पर्याय आहे : मुदतीचा प्रयत्न. डॉक्टर आणि घरचे मिळून सुरुवातीलाच ठरवतात की पाच दिवस सगळे उपचार पूर्ण ताकदीने करू. या पाच दिवसांत ऑक्सिजनची गरज कमी व्हावी, रक्तदाबाचे औषध उतरावे, लघवी सुरू व्हावी. तसे झाले तर पुढे जाऊ. उलटे झाले, डायलिसिसची वेळ आली, तिसरा अवयव बंद पडला, तर पुन्हा बसून बोलू. यात कोणी खोटी आशा दाखवत नाही आणि पहिल्याच रात्री कोणाच्या हातात सहीचा कागद येत नाही. रोज संध्याकाळी घरातल्या एकाच ठरलेल्या माणसाने ‘ऑक्सिजन किती’ याऐवजी ‘कालपेक्षा कोणता अवयव सुधारला, कोणता बिघडला, आजाराचे कारण सापडले का, पालथे झोपवले का’ असे विचारले तर दहा मिनिटांत चित्र स्पष्ट होते. ही दहा मिनिटे द्यायला डॉक्टरांकडे वेळ नसतो, हे खरे. एका डॉक्टरमागे किती व्हेंटिलेटर असावेत, हा प्रश्न म्हणूनच रुग्णालय व्यवस्थापनाला विचारायला हवा, डॉक्टरच्या कॉलरला धरून नव्हे.

उपचार थांबवणे कायद्यात बसते का?

बसते. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालात सन्मानाने मरण्याचा हक्क आणि आगाऊ वैद्यकीय इच्छापत्र मान्य केले. जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. इच्छापत्रावर दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. उपचार थांबवायचे तर रुग्णालयाचे प्राथमिक मंडळ आणि जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने नेमलेला डॉक्टर असलेले दुसरे मंडळ, दोघांचे एकमत लागते. प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत मत द्यायचे आहे. न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागत नाही, त्यांना कळवावे लागते. इच्छापत्र नसेल तरी नातेवाईकांच्या संमतीने हाच मार्ग खुला आहे. तरीही कोर्टकचेरीच्या भीतीने अनेक रुग्णालये त्या वाटेला जात नाहीत आणि ‘डामा’चा कागद पुढे करतात. त्यात वेदनाशामक नाही, परिचारिका नाही, फक्त रुग्णवाहिका आहे.

आणि वाचल्यावर?

‘वाचेल का’ या प्रश्नाच्या धबडग्यात ‘वाचून कसा असेल’ हे विचारायचे राहून जाते. टोरंटोच्या डॉक्टरांनी एआरडीएसमधून वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षे मागोवा घेतला. अतिदक्षता विभागातून बाहेर पडताना त्यांचे वजन सरासरी १८ टक्के उतरले होते. फुप्फुसे बरीचशी पूर्ववत झाली, स्नायू झाले नाहीत. पाच वर्षांनंतरही सहा मिनिटांत ते जेवढे अंतर चालत, ते त्यांच्या वयाच्या निरोगी माणसाच्या सुमारे तीन चतुर्थांश होते. अनेकांना नैराश्य, विस्मरण. त्यांची काळजी घेणारे घरचेही खचलेले आढळले. तरीही बहुतेक जण हळूहळू कामावर परतले.

आपल्याकडे डिस्चार्जच्या कागदावर औषधांची यादी असते आणि खाली ‘एका आठवड्याने दाखवा’. फिजिओथेरपी किती दिवस, जेवणात प्रथिने किती, रात्री दचकून उठला तर कोणाकडे जायचे, यातले काहीच त्यावर नसते. ते डिस्चार्जच्या दिवशी लिहून मागावे.